हेडक्लार्क आणि चार कोअर

"तिसरा कामचुकार आहे," पडद्यावरची नजर न हटवता हेडक्लार्क म्हणाले.

"कोण तिसरा?" बायकोने शिलाई मशीन थांबवून विचारलं.

"तिसरा कोअर. बाकीचे तिघं मान मोडून काम करतात आणि हा लेकाचा डुलक्या काढतो. बघ, रेघ कशी खाली आली!"

"अहो, तुम्ही निवृत्त झालात ना?"

झाले होते, पण कागदोपत्री. चार कारकुनांच्या पाठीमागे उभं राहण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला घरी रिकामं बसून काय करमणार? दिवसभर खिडकीशी बसणारे बाबा लेकीला बघवेनात. तिने एक कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यांना एका संशोधनात जोडून टाकलं. औषधं शोधण्यासाठी लागणारं एक अवाढव्य गणित होतं. त्याचे तुकडे करून घरोघरच्या कॉम्प्युटरना वाटलेले, आणि दिवसाला जेवढे तुकडे सुटतील तेवढे त्या दिवसाचे गुण. "आत चार कोअर आहेत बाबा, एकेक जण एकेक तुकडा सोडवतो," एवढं ती म्हणाली मात्र, हेडक्लार्कांच्या अंगात पुन्हा कचेरी संचारली.

पण माशी शिंकली ती व्याह्यांमुळे. लेकीने अगदी तस्साच कॉम्प्युटर सासरीही बसवला होता. तेच चार कोअर, तेच गणित आणि गुण मात्र व्याह्यांना कितीतरी जास्त! आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, हे सुख हेडक्लार्कांना फार दिवसांनी मिळालं होतं. त्यातही दुसरा नंबर? त्यांच्या ते जिव्हारी लागलं. भरीत भर म्हणजे रविवारी व्याही सहकुटुंब जेवायला येणार होते, आणि "तोवर आम्ही तुमच्या पुढे असू" असं हेडक्लार्क फोनवर बोलून बसले होते.

"तुम्ही करता तरी काय हो त्याला?" त्यांनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं होतं.

"काही नाही बुवा," व्याही म्हणाले. "कोपऱ्यात चालू असतो. पडदा बंदच. आमची ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालते."

माणूस काहीतरी लपवतोय, अशी हेडक्लार्कांची खात्रीच पटली.

प्रोसेसर तापला की मंदावतो, असं त्यांनी कुठेसं वाचलं. त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि बायकोच्या मशीनजवळचा टेबलफॅन उचलून त्याच्यासमोर ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने खोलीतले दोरे आणि कापडाची तुसं उडाली ती थेट कॉम्प्युटरच्या पोटात गेली. आतला छोटा पंखा खरखरला, कॉम्प्युटर आणखी तापला आणि गुण आणखी घसरले. मग हेडक्लार्कांचा हुकूम निघाला की रविवारपर्यंत शिवणकाम बंद.

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगू?" बायकोने विचारलं.

"सांग, संशोधन चालू आहे."

कोट न्यायला आलेल्या बाईंना तिने खरंच तसं सांगितलं. बाई बिनबाह्यांचा कोट घेऊन रागारागाने निघून गेल्या. तरी गुण वाढेनात. हेडक्लार्कांनी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि जेवणाचं ताटही तिथेच मागवलं. एक क्षण नजर हटली की चौघंही हात आखडता घेतील, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटी लेकच घरी आली. तिने आतली तुसं साफ केली, झाकण लावलं आणि पडद्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, हे रंगीत गोळे फिरतायत, ते चित्र किती वेळ चालू असतं?"

"दिवसभर. काम चाललंय हे कळायला नको?"

"अहो, ते चित्र काढायला त्यातल्याच एका कोअरला जुंपावं लागतं! तो सगळं सोडून तुम्हाला चित्र दाखवत बसतो. तुम्ही बघत बसता, म्हणून काम होत नाही."

 एवढ्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य हेडक्लार्कांना तोंडावर कुणी ऐकवलं नव्हतं.

लेकीने चित्र बंद केलं आणि पडदाही बंद केला. बायकोच्या शिलाई मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली. गुण जे चढायला लागले ते थांबेनात, आणि रविवारी व्याही दारात आले तेव्हा हेडक्लार्क त्यांच्या पुढे होते.

"मानलं बुवा तुम्हाला!" व्याह्यांनी मोठ्या मनाने हात मिळवला. हेडक्लार्कांची छाती फुगली आणि त्यांनी आग्रह करकरून व्याह्यांना वाढलं.

जेवणं उरकल्यावर बायकोने लेकीला हाताला धरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं.

"ते गोळ्यांचं चित्र परत कसं लावायचं गं?"

"आई, काय बोलतेस! बाबा मागे पडतील ना!"

"पडू देत," आई दाराकडे बघत हळूच म्हणाली. "तू चित्र बंद केलंस तेव्हापासून ते खुर्ची घेऊन माझ्या पाठीमागे बसलेत. टाके मोजतात, गं!"