डॅम्परचं प्लास्टर

हाडांच्या नव्या वॉर्डातला तिरका डॅम्पर पाहून इंजिनीअरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मोडक्या हाताला घालतात तसं पांढरंशुभ्र प्लास्टर कुणीतरी त्याला घातलं होतं. भूकंपाचा हिसका गिळायला भिंतीत बसवलेला हा तेलभरला दांडा, आणि थोड्याच वेळात तपासनीस तो सरकतो की नाही ते बघणार होते. तो सरकला नाही तर वॉर्ड उघडणार नव्हता आणि व्हरांड्यातले रुग्ण व्हरांड्यातच राहणार होते.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझा," प्लास्टरमास्तर अभिमानाने म्हणाले. त्यांची उभी हयात मोडलेली हाडं बांधण्यात गेली होती. "काल तुमची माणसं याला ढकलून बघत होती. सांधा सरकत होता हो. म्हटलं, बाईंच्या नजरेतून सुटलं असेल."

"अहो, तो सरकायलाच बसवलाय. तो सरकला नाही तर भिंत सरकेल."

"सरकणारा सांधा मी आजवर मोकळा सोडलेला नाही."

"मग आता सोडा."

"मुदतीआधी प्लास्टर कापायचं तर डॉक्टर सांगायला हवेत. ते ऑपरेशनला उभे आहेत."

बाई मग इरेलाच पेटल्या. पदर खोचून, हातोडी-छिन्नी घेऊन त्या स्टुलावर चढल्या. मास्तरांचं काम असं चोख की छिन्नी थकली, पण प्लास्टर ढिम्म. मास्तर खालून सुखावून बघत होते.

"बाई, स्टूल डुगडुगतंय."

"डुगडुगू दे. डुगडुगण्यात वाईट काही नसतं."

शेवटचा तुकडा बाईंनी दोन्ही हातांनी ओढला. तो निघाला, आणि त्याच्याबरोबर बाईही खाली आल्या.

तेवढ्यात तपासनीस आत शिरले. डॅम्पर लोण्यातून सुरी फिरावी तसा मागेपुढे सरकला. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून बाई ताठ उभ्या होत्या. कळ दाबून त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. वॉर्डाला परवानगी मिळाली. तपासनिसांची पाठ वळली तशा त्या जवळच्या कोऱ्या खाटेवर मटकन बसल्या, आणि त्या वॉर्डाच्या पहिल्या रुग्ण ठरल्या.

मास्तर प्लास्टर भिजवून घेऊन आले. मनगट त्यांनी हलक्या हाताने चाचपलं, पण बांधायला काही सुरुवात करेनात.

"आता काय झालं?" बाई कळवळून म्हणाल्या.

"आधी विचारलेलं बरं," मास्तर म्हणाले. "हे सरकायला बसवलेलं नाही ना?"