वामनरावांची भिंत

एका जंगलात नळ आले. नळ आले म्हणून पाइप आले. मागोमाग वीज आली, म्हणून वायरी आल्या. आणि दोन्ही आल्यावर, बाळांनो, गुंता आला. तो मात्र कोणी मागवला नव्हता.

त्या जंगलात वामनराव नावाचे एक अस्वल राहत होते. सोबत त्यांची बायको इंदूबाई. डावीकडे बापू रानडुकराचे घर, उजवीकडे म्हाताऱ्या आक्का साळिंदरीची गवताने शाकारलेली झोपडी.

एके सकाळी वामनराव मधाची बरणी घेऊन घरी येत होते. अंगणात पाइप आडवातिडवा पडला होता. त्यांचा पाय अडकला. वामनराव पडले, बरणी फुटली आणि मध मुंग्यांच्या वाट्याला गेला.

इंदूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "लागलं का?"

"मला नाही. बरणीला लागलं."

"पाणी घातल्यावर पाइप गुंडाळून ठेवत जा, असं मी किती वेळा सांगितलं."

वामनरावांनी ते मनात घेतले. मुलांनो, अस्वल मनात घेते तेव्हा लांब उभे राहावे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली मोठी भिंत रिकामी केली. तिच्यावर सागवानी खुंट्या ठोकल्या. पाइप धुतला, पुसला, एकसारखी वेटोळी घालून गुंडाळला आणि खुंटीवर टांगला. मग झाडाच्या सालीची दोरी वळून त्याला गाठी मारल्या. गाठी सुंदर होत्या. बघणाऱ्याला वाटावे, या गाठींसाठीच पाइप बनवला असावा.

इथे थांबता आले असते. पण पाइप नीट झाल्यावर बाकीचे घर फारच वाईट दिसू लागले. म्हणून वामनरावांनी मोबाईलचे चार्जर गुंडाळले. इस्त्रीची वायर गुंडाळली. एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळून पाइपच्या वर टांगला. रेडिओची वायर तर रेडिओ चालू असतानाच काढून गुंडाळली. जुना बिघडलेला पंखा होता, त्याचीही वायर गुंडाळली. पंखा टाकून दिला, वायर ठेवली. असे करणारे लोक असतात. तुमच्या घरी एखादा असेल. माझ्या घरी मी आहे.

भिंत बघायला जंगल लोटले. वामनराव वेताची छडी घेऊन समजावून सांगत. "वेटोळं नेहमी एकाच दिशेनं घालायचं. पीळ पडू द्यायचा नाही. हात लावू नका, नुसतं बघा."

लोक बघून घरी जात आणि आपापल्या घरात भांडणे करत. "शिका जरा वामनरावांकडून," असे ऐकून बापूचे कान किटले. बापूचा पाइप अंगणातच पडलेला असे. नळाला जोडलेला, बाजेच्या पायांतून फिरलेला, मध्ये एक चप्पल अडकलेली.

इकडे वामनरावांच्या घरी सगळे जागच्या जागी राहू लागले. फोन बंद पडत, कारण चार्जर सोडवायचा तर गाठ मोडे. इस्त्री थंड राहिली. इंदूबाई वांग्यांना बादलीने पाणी घालू लागल्या.

"अहो, पाइप द्या ना जरा. कंबर धरली माझी."

"कालच बसवलाय गं मनासारखा. आजचा दिवस बादलीनं घाल."

असे आजचे दिवस बरेच झाले. वांगी जगली. इंदूबाई मात्र कमी बोलू लागल्या. वामनरावांना वाटले, घर नीटनेटके झाले की माणूसही शांत होते.

मग एका दुपारी वारा सुटला. आक्का चुलीवर भाकरी टाकून जरा लवंडली होती. तिला ऐकू कमी येई. चुलीतली ठिणगी उडाली ती छपराच्या गवतात जाऊन बसली. पाहता पाहता छपराच्या एका कडेने धूर निघाला आणि मागून जाळ.

बापूने सगळ्यांत आधी पाहिले. त्याने अंगणातला पाइप धरला आणि धावत सुटला. पाइपबरोबर चप्पल आली आणि बाजही फरपटत आली. पण आली. पाणीही आले. फक्त पाइप वामनरावांच्या अंगणाशी संपला. पाण्याची धार आक्काच्या उंबऱ्यापर्यंत जाई, छपरापर्यंत पोचत नसे.

"वामनराव, तुमचा पाइप आणा. याला जोडू. आक्का आत आहे."

वामनराव आत धावले. भिंतीसमोर उभे राहिले. पाइप समोर होता, स्वच्छ, सुंदर. पण त्याच्यावर एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्यावर इस्त्रीची वायर, त्यावर चार्जर. वरचे निघाल्याशिवाय खालचे निघू नये, अशी सोय त्यांनी स्वतःच केली होती.

त्यांनी पहिली गाठ सोडायला घेतली. गाठ चांगली होती. चांगली गाठ ओढली की आणखी घट्ट होते.

"अहो, आणताय ना?" बाहेरून इंदूबाई.

"एकच गाठ राहिलीय," वामनराव म्हणाले. ते खोटे होते. अजून पहिलीच सुटायची होती.

इंदूबाई आत आल्या. त्यांच्या हातात कोयता होता. त्यांनी वामनरावांना बाजूला सारले आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत घाव घातले. दोऱ्या तुटल्या. चार्जर पडले, इस्त्रीची वायर पडली, बोर्ड पडला, शेवटी पाइप पडला. त्या क्षणी वामनरावांना हळहळ वाटली. खरे सांगायचे तर ती आक्कासाठी नव्हती. गाठींसाठी होती. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते पाइप उचलून पळत सुटले.

बापूने दोन्ही पाइप जोडून वर फडके आवळले. पण वामनरावांच्या पाइपला गोल राहायची सवय झाली होती. सरळ करावा तर पुन्हा वेटोळे होई आणि दुमडला तिथे पाणी अडे. शेवटी वामनराव त्याच्यावर आडवे झाले. पोटाखाली पाइप दाबून धरला आणि चिखलात सरपटत तो सरळ करत गेले. टोक इंदूबाईंच्या हातात होते. धार छपरावर पडली.

तोवर बापू झोपडीच्या मागे गेला. मुसंडी मारून त्याने कुडाची भिंत पाडली आणि आक्काला पाठीवर घेऊन बाहेर आला. तिचे काटे त्याच्या पाठीत रुतले होते. तो हूं की चूं करत नव्हता.

"अरे मेल्या, भिंत का पाडलीस?" आक्का म्हणाली. मग तिने मागे वळून छप्पर पाहिले आणि बापूची मान घट्ट धरली.

छप्पर गेले. आक्का वाचली.

संध्याकाळी इंदूबाई बापूच्या पाठीतले काटे काढत होत्या. वामनराव चिखलाने माखलेले पायरीवर बसले होते. आक्का त्यांच्याजवळ येऊन टेकली.

"वामन, तुझा तो पाइप खरा होता होय रे?"

"म्हणजे?"

"मी येता-जाता खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, चित्र आहे."

वामनरावांनी मान खाली घातली. बापू हसणार होता, पण पाठ दुखली म्हणून राहिला. वामनरावच म्हणाले, "चित्रच होतं, आक्का. इंदूनं आज फाडलं ते बरं झालं."

रात्रीच्या जेवणात इंदूबाईंनी वामनरावांना वांग्याची भाजी दोनदा वाढली.

झोपडी पुन्हा होईपर्यंत आक्का त्यांच्याच घरी राहिली. आल्या आल्या तिने रेडिओ लावला. वायर दारातून आडवी गेली. फोन चार्जिंगला लागले, त्यांच्या वायरी जेवायच्या जागेवरून गेल्या. इस्त्री तापू लागली. घरातले सगळे चालू झाले आणि चालायला जागा उरली नाही.

वामनराव कोणाला काही म्हणत नाहीत. ते पाय उंच उचलून एकेक वायर ओलांडत घरात फिरतात. रेडिओवर गाणे चालू असते. रस्त्यावरून जाणारे खिडकीतून बघतात आणि सांगतात, वामनराव म्हातारपणी नाच शिकले.

तात्पर्य : पसारा घालणाऱ्या शेजाऱ्याला नावे ठेवू नयेत, आग लागल्यावर तोच आधी पोचतो. आणि ज्याचे घर फार नीटनेटके आहे त्याने एक धारदार कोयता बायकोच्या हाताशी ठेवावा. ही गोष्ट लिहून झाल्यावर मीही ठेवला आहे. दाराजवळच्या खुंटीला, पडू नये म्हणून चांगली पक्की गाठ मारून.