सीलबंद सांबार

चंद्रमौळीरावांना आरोग्य खात्यात निरीक्षक होऊन अकरा महिने झाले होते आणि नोकरी अजून कच्चीच होती. ती पक्की व्हायची तंजावरच्या डॉक्टरसाहेबांच्या एका सहीने, आणि साहेब येणार होते रावांच्याच घरच्या चैत्रातल्या समाराधनेला, म्हणजे देवाच्या नावाने घातल्या जाणाऱ्या जेवणावळीला. जेवायला नव्हे, तपासायला. रावांच्या पूर्वजांनी तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यावर देखरेख केली होती. राज्य खालसा होऊन साठ वर्षे झाली, आणि राव आता कुंभकोणमातल्या यच्चयावत चुलींवर देखरेख करत होते, एवढाच काय तो फरक.

रोज सकाळी ते बाजारात उभे राहून खात्याचे पत्रक तमिळमध्ये वाचत. हात धुवा, पाणी उकळा, माशा बसू देऊ नका, शिजलेले अन्न ऊन असतानाच खा. असे अकरा नियम लोकांसाठी होते आणि बारावा खात्यासाठी. पन्नासहून जास्त पाने असतील तिथे प्रत्येक पदार्थाचा नमुना डब्यात सीलबंद करावा, अधिकाऱ्याने तो चाखून दाखला द्यावा आणि तोवर तिथल्या निरीक्षकाने अन्नाला शिवू नये. रावांचा सगळा जीव या बाराव्यात होता.

समाराधनेच्या दिवशी ते कोट, बूट, पगडी अशा थाटात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले. आत त्यांची भागीरथी आत्या सोवळ्यात साठ पानांचा स्वयंपाक करत होती.

"तेथेंच उभा राहा. बूट घेऊन आंत येऊं नको."

"हात किती वेळां धुतलेस, आत्या?"

"मोजले नाहींत रे. तूं किती वेळां धुतलेस?"

रावांनी वहीत 'समाधानकारक' असे लिहिले. तेवढ्यात साहेबांची तार आली. आगगाडीचे इंजिन वाटेत पापनाशमला बिघडले होते. 'संध्याकाळी येतो. थांबा.' रावांनी हा हुकूम साठही पाहुण्यांना लागू केला.

"आत्या, पानें संध्याकाळीं वाढूं."

"देवाला काय सांगूं? इंजिन बिघडलें म्हणून?" आत्याने पळी खाली ठेवली. "ऊन आहे तोंवर वाढणार. तुझ्याच कागदांत आहे तें. कावेरीवरून येतां रोज ऐकूं येतें."

नैवेद्य झाला, पाने मांडली गेली. रावांनी नमुन्यांसाठी सात डबे उंबऱ्यावर मांडले. आत्याने हात न लावता वरूनच सांबार ओतता ओतता विचारले, "डबे धुतलेस कां?"

"खात्याचे आहेत."

"खात्याचे डबे कोण धुतो?"

याचे उत्तर बारा नियमांत नव्हते. रावांनी डब्यांवर लाख ओतली आणि ते कचेरीच्या तापलेल्या पत्र्याखाली नेऊन ठेवले. घरी साठ माणसे ढेकर देत होती आणि राव सात डब्यांसमोर उपाशी बसले होते.

सहा वाजता दुसरी तार आली. 'येत नाही. स्वतः चाखून दाखला पाठवा.' रावांनी सील फोडले. शेषाद्री शिपाई डोकावून म्हणाला, "सामी, सांबारावर फेस आलाय."

"सील शाबूत होते ना?"

"होते."

"मग फेस कायदेशीर आहे."

चाखायचे म्हणजे पळीभर, पण पोटात सकाळपासून काही नव्हते. रावांनी सातही डबे तळापर्यंत चाखले. दिवे लागता लागता ते परसाकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर येईपर्यंत त्यांचा मुक्काम बहुधा तिकडेच होता.

सकाळी आत्या उकळून निवलेले पाणी आणि पेज घेऊन उशाशी बसली. रावांच्या हातात कोरा अहवाल होता. अन्न दूषित होते असे लिहिले, की मोठा दोष पकडला म्हणून नोकरी पक्की. आत्याच्या हातचे मग गावात कोणी जेवले नसते, आणि तीस वर्षे तिच्याशिवाय समाराधना झाली नव्हती.

"लिही हो, माझ्या हातचें वाईट म्हणून," आत्या म्हणाली. "त्या साठ जणांना तेवढें विचारून ये. आधीं पेज घे, ऊन आहे."

रावांना स्वतःची लाज वाटली. ती अशक्तपणामुळे असावी असे त्यांनी मनाला बजावले आणि खरे तेच लिहिले. डबे न धुतलेले, पत्रा तापलेला, अन्न सहा तासांचे, दोष निरीक्षकाचा, आणि त्याच्या परसाकडच्या खेपाही आकड्यानिशी. नोकरीवर पाणी सोडून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. असा प्रामाणिक अहवाल साहेबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. राव कायम झाले. सोबत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता, रोज वाचण्यासाठी.

राव बाजारात उभे राहिले. नेहमीचे अकरा नियम खणखणीत झाले. मग आवाज खाली आला. "उदाहरण. याच गावच्या एका निरीक्षकाने न धुतलेल्या डब्यातले, सहा तासांचे सांबार खाल्ले व तो अठरा वेळा परसाकडे गेला." निरीक्षकाचे नाव छापले नव्हते, एवढी साहेबांची मेहेरबानी.

गर्दीमागे आत्या कावेरीची घागर घेऊन थांबली होती.

"मोठ्यानें वाच रे, चंद्रू," ती म्हणाली. "मागें ऐकूं येत नाहीं."

रावांनी घसा खाकरला आणि उदाहरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.