गोधडी मंडळाच्या हिरव्या टिकल्या

हॅरो लेक गावात ताटलीतली शेवटची वडी कोणी उचलत नाही. चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर लिंबाच्या वड्या मांडल्या, की माणसं "नको नको" करत एक सोडून सगळ्या संपवतात आणि उरलेल्या त्या एका वडीकडे कोणी बघतसुद्धा नाही. फारच मोह झाला तर कोणीतरी तिची अर्धी कापून घेतं, मग दुसरं कोणी त्या अर्धीचीही अर्धी करतं, आणि शेवटी नखाएवढा तुकडा भांडी घासायची वेळ होईपर्यंत तसाच बसून राहतो. ऑर्विल टॉर्गरसन हा गावातला एकच माणूस असा, की "अरे वा, माझ्यासाठी ठेवलीत!" म्हणून ती वडी सरळ तोंडात टाकायचा. त्याची बायको अर्लिस आख्खा संसारभर त्यापायी ओशाळी होत आली.

आता ऑर्विल तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात होता. त्याला कधी सगळं आठवायचं, कधी काहीच नाही. अर्लिसबाईंचे डोळे अधू झाल्यामुळे गाडी चालवायचा परवाना गेला होता, आणि दर मंगळवारी म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला नेणारी गावाची गाडी काटकसरीच्या नावाखाली बंद पडली होती. शेजारी चांगले होते. "नेऊ का तुम्हाला?" असं विचारायचे. बाई म्हणायच्या, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास!" शेजारी पुन्हा एकदा विचारायचे, बाई पुन्हा नको म्हणायच्या. या गावात तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायची रीत आहे. पण फार आग्रह केला तर बाईंना अवघडल्यासारखं होईल, म्हणून शेजारी दोनदा विचारूनच गप्प बसायचे. असं सगळ्यांनी एकमेकांना जपल्यामुळे बाईंनी नवऱ्याचं तोंड महिनाभर पाहिलं नव्हतं. त्यांना त्याची भयंकर आठवण यायची, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

अशात नगराध्यक्ष हार्लन यांच्या डोक्यात लोकशाही शिरली. गावाने आधी कोणतं काम हातात घ्यावं, हे गावानेच ठरवावं, असं त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर केलं. गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात भिंतीवर एकेका कामाचा तक्ता लागणार होता. प्रत्येकाला तीन हिरव्या गोल टिकल्या मिळणार होत्या. त्या हव्या त्या तक्त्यांवर चिकटवायच्या, वाटून किंवा तिन्ही एकावरच. "जे पहिलं येईल, मग ते काहीही असो, त्यावर पुढच्याच सभेत ठराव करू," असं हार्लन छापून बसले. 'काहीही असो' हे दोन शब्द घालायची काही गरज नव्हती, असं त्यांची बायको नंतर बरेच दिवस म्हणत होती.

काम कोणीही सुचवू शकत होतं. अर्लिसबाईंनी अर्थातच काही सुचवलं नाही. त्यांची मैत्रीण व्हर्ना हिने परस्पर 'मंगळवारची गाडी पुन्हा सुरू करा' असं लिहून दिलं. आणि टायरचं दुकान चालवणाऱ्या, चाळिशीतही केसांची शेपटी बांधणाऱ्या ड्वेनने 'गांजा कायदेशीर करा' असं लिहून दिलं.

हा ड्वेन अर्लिसबाईंच्या समोरच राहायचा. बर्फ पडला की आपलं यंत्र आणून त्यांचं अंगण साफ करायचा आणि बाई प्रत्येक वेळी त्याच्या हातात वड्यांचा डबा ठेवायच्या. फुकट काही घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मतदानाच्या आधी दोन दिवस तो असाच बर्फ काढत होता.

"काय मिसेस टॉर्गरसन, तुमची गाडी पण आहे म्हणे यादीत?"

"माझी कसली? गावाची आहे."

"काळजी करू नका. आम्ही दहा-बाराजण आहोत. गाडीलाच देतो आमच्या टिकल्या."

"नको रे बाबा! तुमचं तुम्हाला असू दे."

"अहो देतो ना. आमचं कुठे एवढ्यात होतंय!"

बाई दारात चुळबुळत उभ्या राहिल्या. दहा-बारा माणसांचा उपकार! एवढ्या उपकाराला वड्या करायच्या म्हटलं तर ओव्हन आठवडाभर बंद होणार नाही.

"मग असं कर," त्या म्हणाल्या, "आमचं गोधडी मंडळ तुमच्या त्याला देईल."

"कशाला?"

"तुमच्या त्या झाडपाल्याला."

ड्वेनच्या हातून यंत्र सुटलं आणि एकटंच जाऊन बाईंच्या टपालपेटीला धडकलं. "गांजाला? गोधडी मंडळ?"

"कोणाचं फुकट घ्यायची सवय नाही मला," बाई म्हणाल्या, आणि टपालपेटी वाकडी झाल्याबद्दल त्यांनीच त्याची माफी मागितली.

बुधवारी गोधडी मंडळ बसलं. मंडळात चौदा बाया, सत्तरीच्या आतली एकही नाही. अर्लिसबाईंनी करार सांगितला. थोडा वेळ नुसत्या सुया चालल्या.

"म्हणजे आपण गांजाला मत द्यायचं," व्हर्ना म्हणाली.

"हो. म्हणजे ते गाडीला देतील."

"आणि आपण पण गाडीला देऊच ना?"

यावर सगळ्यांच्या सुया थांबल्या. "आपल्याच गोष्टीला आपणच मत द्यायचं?" एकीने हळूच विचारलं. "बरं दिसेल का ते?"

"अगं बाई, खरंच की. हावरटपणा वाटेल."

"मग तिन्ही टिकल्या त्यांनाच देऊ या. आपल्याकडून कमी पडलं असं नको व्हायला."

ते सगळ्यांना पटलं. गांजा चांगला की वाईट, हा विषय काही निघाला नाही. सगळ्यांच्याच मते तो वाईट होता, पण शब्द म्हणजे शब्द.

गुरुवारी तळघर भरलं. टिकल्या वाटायला दाराशी लॉयड उभा होता, कारण तो भरवशाचा माणूस. लॉयड हा गावचा पोलीस अधिकारी; त्या दिवशीही गणवेशातच होता, कंबरेला पिस्तूल, हातात टिकल्यांचा गठ्ठा. तो ड्वेनचा सासराही होता. अर्लिसबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांना अंधूक दिसलं, की बाहेरच्या आवारात दोन-तीन गाड्या आल्या, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मागच्या मागे वळून निघून गेल्या. कोणीतरी रस्ता चुकलं असेल, असं त्यांना वाटलं.

चौदा बाया रांगेने गांजाच्या तक्त्यापुढे गेल्या आणि ठिगळ लावावं तशा टापटिपीने टिकल्या चिकटवून आल्या. अर्लिसबाईंनी दोन लावल्या. तिसरी मात्र बोटाला चिकटून राहिली. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, गाडीच्या तक्त्यापाशी घोटाळल्या आणि खालच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत येणार नाही अशी ती दाबून टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काहीतरी उचललं होतं.

मोजणी झाली. हार्लननी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"पहिलं काम... एक्केचाळीस टिकल्या..." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "गांजा. दुसरं, रस्त्यावरचे दिवे, एकोणीस. मधली तुम्हीच वाचा. शेवटचं, मंगळवारची गाडी. एक."

"एक?" व्हर्ना ओरडली. अर्लिसबाईंनी मान खाली घातली.

"लॉयड, हा ड्वेनचा चावटपणा आहे," हार्लन म्हणाले.

"ड्वेन आलाच नाही. त्याचं कोणीच नाही आलं. मी दारातच होतो," लॉयड म्हणाला.

"मग एक्केचाळीस टिकल्या लावल्या कोणी?"

खोटं बोलायची मंडळात पद्धत नव्हती. चौदा हात वर झाले. चर्चच्या पास्टरसाहेबांच्या नाकात कॉफी गेली.

"मिसेस ओल्सन," हार्लन व्हर्नाला अगदी जपून म्हणाले, "तुम्हाला तो... गुडघ्यासाठी हवाय का?"

"मला? मी ॲस्पिरिनसुद्धा अर्धी घेते!"

"मग दिली कशाला मतं?"

"द्यायची होती म्हणून दिली."

"अहो, पण हवं कोणाला आहे?"

"आम्हाला नकोच आहे," व्हर्ना ठामपणे म्हणाली. हार्लन खाली बसले. त्यांना काही कळेना, आणि खरं सांगायचं तर आता मंडळालाही काही कळेना. खुलासा करावा, तर गाडीसाठी हात पसरल्यासारखं झालं असतं. म्हणून चौदाही जणी गोड हसून गप्प राहिल्या.

तालुक्याच्या वर्तमानपत्राने 'गोधडी मंडळाची एकमुखी मागणी' अशी बातमी छापली आणि मग गोष्टीला पाय फुटले. कुठल्या कुठल्या गावांहून दाढीवाले तरुण गोधड्या विकत घ्यायला येऊ लागले. एकाने सात टोकांच्या हिरव्या पानाच्या नक्षीची गोधडी मागितली. ते द्राक्षाचं पान आहे असं समजून मंडळाने मापही घेतलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर तर आक्रीत घडलं. अर्लिसबाईंच्या वड्यांची ताटली साफ रिकामी झाली, शेवटच्या वडीसकट. पास्टरसाहेब तीन वड्या खाऊन अर्धा तास कोपऱ्यात बसून राहिले आणि मग बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "मला अजून काही होत नाहीये."

"काय व्हायला हवं?" बाईंनी काळजीने विचारलं. पास्टरसाहेब लगबगीने निघून गेले.

सोमवारी हार्लन बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. दोनदा कॉफी नको म्हणाले, तिसऱ्यांदा घेतली.

"मिसेस टॉर्गरसन, मी हात जोडतो. गांजाचा कायदा करणं गावाच्या हातात नाही, ते राज्याचं काम. पण मी छापून बसलोय. राजधानीतली, सेंट पॉलची माणसं मला फोन करून हसतात. मंडळाला मागणी मागे घ्यायला सांगा ना."

"शब्द दिलाय रे, हार्लन."

"कोणाला?"

"ते सांगणं बरं दिसणार नाही."

"बरं, मग तुम्हाला नेमकं काय हवंय ते तरी सांगा. चर्चला नवा ओव्हन? मंडळाला शिवणयंत्र?"

"आम्हाला? काही नको."

"काहीच नको असणारी माणसं गांजा मागत नाहीत हो!" हार्लन काकुळतीला आले. बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ऑर्विलचं नावसुद्धा आलं होतं. पण त्यांनी वड्यांची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घे अजून एक."

तेवढ्यात मागचं दार ढकलून ड्वेन आत आला. त्याचं तोंड उतरलं होतं. हार्लनकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"मिसेस टॉर्गरसन, तीन दिवस तुमच्या दारापर्यंत येतोय आणि परत जातोय. आम्ही आलो होतो हो गुरुवारी! सगळेच्या सगळे! दारात बघतो तर सासरा, गणवेशात! माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांना त्याने कधी ना कधी धरलंय."

"पण तुम्हाला गाडीलाच लावायच्या होत्या ना टिकल्या?"

"ते त्याला कसं पटणार? आम्ही पळालो. आमच्यापायी तुमची गाडी बुडाली, आणि तुम्ही मात्र शब्द पाळलात."

हार्लननी कप खाली ठेवला. "गाडी? मंगळवारची गाडी? म्हणजे हे सगळं गाडीसाठी?"

बाई ओट्यावरचं फडकं घडी करत राहिल्या.

"आणि ती एकटी टिकली? कोपऱ्यातली?"

"असेल कोणाची तरी," बाई म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.

हार्लननी कपाळाला हात लावला. "अहो, गाडी गॅरेजात उभी आहे. पैसेही शिल्लक आहेत. बंद केली तेव्हा कोणी विचारलं नाही, यादीत आली तर एकच टिकली, म्हणून आम्हाला वाटलं कोणाला नको असेल. त्याला ना मत लागतं ना ठराव. मला एक फोन केला असतात तरी झालं असतं!"

"तुला कशाला त्रास," बाई म्हणाल्या.

"उद्यापासून सुरू. आता तरी मिटलं ना?"

"माझं मिटलं. याचं काय?" बाईंनी ड्वेनकडे बोट केलं.

"त्याला सेंट पॉलला जाऊन मागू दे," हार्लन म्हणाले आणि सुटका झाल्यासारखे उठले.

मंगळवारी गाडी निघाली. गोधडी मंडळ होतं, आणि लाजेकाजेस्तव ड्वेनही होता. वड्यांची ताटली मागेपुढे फिरली आणि एक वडी उरवून बाईंच्या मांडीवर परत आली. वृद्धाश्रमात ऑर्विलचा तो दिवस चांगला निघाला. त्याने बायकोला ओळखलं. बाईंनी त्याचा हात धरून सगळी हकिगत सांगितली, तक्ते, टिकल्या, लॉयड, पास्टरसाहेब, सगळं. ऑर्विलने डोकं खाजवत खाजवत ऐकून घेतलं.

"मला एक कळलं नाही, अर्लिस," तो म्हणाला. "तुला गाडी हवी होती, तर सरळ मागितली का नाहीस?"

मग ताटलीकडे बघून म्हणाला, "अरे वा, माझ्यासाठी ठेवलीत!" आणि शेवटची वडी तोंडात टाकली.

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. ऑर्विलला या वड्या खाताना बघायला मिळावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी त्याच्या शर्टावरचा चुरा झटकला, उठल्या, आणि बाहेरच्या टेबलावरच्या फोनवरून हार्लनना फोन लावला.

"हार्लन, मला गाडी गुरुवारी पण हवी."

'त्रास होणार नसेल तर' असं पुढे येईल म्हणून हार्लन वाट बघत असावेत. ते काही आलं नाही.

"गुरुवारी? ऑर्विलना भेटायला?"

"नाही. सेंट पॉलला. गोधडी मंडळ येतंय आणि ड्वेनची माणसं येतायत. शब्द दिलाय."

"मिसेस टॉर्गरसन! अहो, लोक काय म्हणतील?"

"आणि हार्लन, पुढची सीट माझी," बाई म्हणाल्या. "मागे बसलं की मळमळतं मला."