काना नसलेली कळशी

आमच्या शेजारचे नाना घरी आले की माणसांकडे बघत नसत, तांब्याकडे बघत. पाणी पुढे केलं की आधी तांब्या डोक्याच्या वर धरायचे आणि त्याचं बूड तपासायचे. एकदा तांब्या काठोकाठ भरलेला आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. नाना नखशिखांत भिजले, पण नजर बुडावरून हलली नाही. "कडेले हिरवं शे, पोरी," एवढंच म्हणाले आणि टॉवेल मागितला.

मी लग्न होऊन नाशिकहून जळगावला आले आणि इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हापासून हे चालू. नाना मूळचे असोद्याचे, डाळ मिलमधून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, हे तांब्याला लागले. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की गल्लीतली घंगाळं, हंडे, ताम्हणं त्यांच्या ओट्यावर रांगेनं येऊन बसत. नाना एकेकाला जवळ घेत, चारी बाजूंनी बघत, आणि कोणाची किती हयगय झाली ते मालकिणीला तोंडावर सांगत. बदल्यात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. घेतला तरी आधी तांब्याचं बूड.

मला वाटायचं, भांडं घासायला काय अक्कल लागते? आमच्या माहेरी चिंच, मीठ आणि मनगट, संपलं. पण नानांनी माझा हंडा हातात घेऊन एकदाच फिरवला आणि विचारलं, "तुना घरमा डावखुरं कोन शे?"

माझे यजमान डावखुरे आहेत. नानांनी तोवर त्यांना जेवताना पाहिलं नव्हतं की लिहिताना. हंड्याचा काठ नेहमीपेक्षा उलट बाजूला झिजला होता म्हणे. "तांबं ध्यानमा ठेवस," नाना म्हणाले. 

त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. नानांच्या लेखी चिंचेचेही स्वभाव होते. "नवी चिच भांडन करस, जुनी चिच समजाडस." म्हणून जुन्या चिंचेचा कोळ, जाडं मीठ आणि नारळाची शेंडी. हात घाईनं फिरवायचा नाही. हळूहळू काळं वितळायचं आणि खालून नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुलाबी रंग वर यायचा. दर वेळी मी नव्यानं थक्क व्हायचे, आणि खरं सांगते, नानाही व्हायचे.

मग भांडं लगेच पुसून उन्हात. त्यानंतर मात्र उघडा हात लावायचा नाही. देताना नाना फडक्यात धरून देत, आपणही फडक्यातच घ्यायचं. मी एकदा विसरून तसाच हंडा उचलला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर माझी बोटं काळी उमटली. "देख, तुनी सही," म्हणून नानांनी तो अख्ख्या गल्लीला दाखवला.

फक्त एका भांड्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. ती त्यांच्या बायकोची, शांताअक्कांची, लग्नातली कळशी. नाव घालणाऱ्यानं तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'सौ. शांत' घातलं होतं. काना राहून गेला होता. अक्का तर अशा बोलायच्या की चौथ्या घरातल्या बाईला आपलं वरण उतू गेल्याचं कळायचं नाही. नानांनी मात्र तो काना कायमचा टाकून दिला. "ए शांत," अशी हाक मारायचे आणि आतून दहा मिनिटं उत्तर यायचं. माझा हात तो काना द्यायला शिवशिवायचा.

अक्का ती कळशी रोज स्वतः घासायच्या, राख आणि विटेची भुकटी घेऊन, खसाखसा. नाना कळवळून म्हणायचे, "नाव खाई टाकशी तू."

"जाऊ दे. चुकेलच शे ते," अक्का म्हणायच्या.

दिवाळीनंतर अक्का गेल्या. कळशी कोपऱ्यात काळी पडत गेली, पार तव्यासारखी. बायका म्हणायच्या, गल्लीची भांडी लखलखतात आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. मीही म्हणाले होते एकदा. आज त्याची लाज वाटते.

आखाजीला इकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. अक्कांची ती पहिलीच घागर. आदल्या दिवशी दुपारी नाना ती काळी कळशी घेऊन माझ्या मोरीपाशी येऊन उभे राहिले.

"तू घास," म्हणाले.

"मी? तुमच्यासमोर?"

"मना बोटं मरी गयात चिच-मीठमा. ठिपकाच लागत नही. नाव शे का गयं, माले समजत नही. आन् देखाले धीर व्हत नही."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मी जुनी चिंच काढली. गळा उजळला, खांदा उजळला, आणि नाव असायचं तिथे नुसतं गुळगुळीत गुलाबी तांबं. पाठीमागून आवाज आला, "नाव उनं का?"

"थांबा, नाना."

वाटलं, खोटंच वाचून दाखवावं. नाव पाठ तर आहेच. मग पुन्हा कोळ लावला, धुतलं, पुसलं आणि कळशी उन्हात तिरकी धरली. आधी एक ठिपका दिसला. मग चार. मग ओळ.

"आहे, नाना."

"वाच."

"सौ. शांता," मी वाचलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

"नीट वाच, मास्तरीन," नाना भिंतीकडे बघतच म्हणाले. "तठे काना नही."

मी पुन्हा वाचलं, "सौ. शांत."

तेव्हा नाना वळले. मी फडकं पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलंच नाही. उघड्या, घामेजल्या हातांनी कळशी उचलली आणि पोटाशी धरली. हळूच म्हणाले, "ए शांत." मी सवयीनं त्यांच्या दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घागरीशेजारी कळशी मांडली होती. नावाच्या दोन्ही बाजूंना नानांची दहाही बोटं काळी उमटली होती. नानांनी ती घासून काढली नाहीत, नंतरही कधी नाही.