माईसाहेबांच्या दाढेच्या तहाची हकीकत

ज्याचा एक दात गेला तरी मोदकांत खंड पडला नाही, त्या एकदंतास नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे. शके १९४५, शोभननाम संवत्सरी, आश्विनमासी, एका राज्यात माईसाहेब नामे वृद्ध स्त्री होत्या, आणि त्यांच्या चकलीचा लौकिक गल्लीच्या चारी सीमांपलीकडे होता. परंतु त्या दिवाळीस डावी दाढ ऐसी उठली की खासा आपली चकली तोंडी धरवेना. मग कन्या हेमांगी यांस जवळ बोलाविले आणि म्हणाल्या, "माझ्या कानाशी मोड बघू एक." मोडली. "मोहन कमी पडलं," ऐसा निवाडा कानानेच केला, आणि तोंड भिंतीकडे करून बसल्या. ते पाहून कन्येने मनी धरिले की माईंनी पुन्हा एकदा आपल्या दातांनी चकली मोडावी. दंतवैद्याचा दर ऐकोन धीर सुटला, आणि मग एकट्या माणसाच्या नुसत्या दातांचा विमा शोधावयास मोहीम निघाली. विमा कंपन्यांचे दरबार पाहिले; एक स्वस्त होता. हप्ता पोचताच तो गाव सोडतो ऐसी ख्याती. दुसरा विश्वासू होता. त्याचा हप्ता ऐकोनच दात वाजत. शेवटी विमादूत मोरेश्वरपंत, नात्याने माईंचे मावसभाऊ, आपण होऊन चालून आले, आणि चहा घेऊन तिसऱ्या दरबाराची थोरवी वर्णिली: स्वस्त, सचोटीचा, जुनी दाढ काढून नवी बसवून देणारा. शर्त इतकीच की पहिले वर्षभर दुखणे दरबारास ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात दाढ काढिली तर रिकामी जागा दरबारास दिसत नाही, म्हणजे तेथे नवी मिळत नाही.

"म्हणजे मामा, दुखतंय आत्ता, आणि विमा पुढल्या वर्षी?" कन्येने पुसिले.

"बरोब्बर! पटकन कळलं हो तुला. लोकांना समजावून समजावून माझा घसा बसतो," पंत संतोषले.

तह जाहला, हप्ता माईंनी आपल्या हाते भरिला, आणि मग दाढ ठणकू लागली, गाल सुजला, डोळ्यास डोळा लागेना. कन्या म्हणाली, "माई, उद्या काढून टाकू. पैशाचं मी बघते."

"आणि भरलेला हप्ता?"

"गेला तर गेला."

"तुझ्या सासरी चालत असेल गेला तर गेला. दाढेला बजावलंय मी, वर्षभर चूप बस म्हणून."

ऐसे बोलून दाढेत लवंग धरिली, ताटात मऊभात घेतला, आणि हप्त्याच्या मानासाठी उजव्या अंगाने जेवीत राहिल्या. इतकी निष्ठा त्या दरबाराच्या पगारी चाकरांतही कोणी दाविली नसेल. अंगावरची चोळी सैल जाहली, पण तह मोडिला नाही. आणि वर्ष भरत आले असता, भाद्रपदमासी, पहाटे निजल्या ठायी हृदय थांबून माईसाहेबांस देवाज्ञा जाहली.

मोरेश्वरपंत तेराव्यास आले, डोळे पुसिले, जिलेबी एकच घेतली, आणि मग हात धुवून कन्येस बाजूस बोलाविले. "दरबार फार खूश आहे माईवर. अख्ख्या वर्षात एक दावा नाही! आता तू पुढे चालव, तुला हप्त्यात सवलत मिळेल."

"मामा, तिला दुखत होतं. वर्षभर."

"असेल गं. पण दरबारात तसं कुठे आलं नाही ना."

"दाढ तर तिच्याबरोबरच गेली."

"शाबूत गेली! हेच तर मी म्हणतोय," पंत बोलिले, आणि बडीशेप मागितली. कन्येने आणून दिली.

सारांश, विमा स्वस्त मिळाला. दरबारही विश्वासू निघाला. दिल्या शब्दास जागून अखेरपर्यंत काही दिले नाही. दाढ शाबूत राहिली. माई तेवढ्या नाहीत.