तीन घरचं विरजण

मोहिनीच्या घरात विरजणाची कमतरता नव्हती. तरीही गेला आठवडाभर ती वाटी घेऊन शेजारणींची दारं वाजवत होती. तिला दही नको होतं, माणूस हवं होतं.

मढहून नारायणगावच्या या भाड्याच्या खोलीत येऊन तिला सहा महिने झाले होते. नवरा सुनील टोमॅटोचा टेम्पो घेऊन वाशीला गेला की दोन-दोन दिवस यायचा नाही. मग बोलायला उरायची एक वर्षाची लेक हर्षाली, आणि तिला शब्द एकच यायचा, "बाबा". तोही ती पंख्याकडे बघून म्हणायची. मोहिनीला इतकं एकटं वाटायचं, की विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचीही ती घरच्यासारखी ख्यालीखुशाली विचारायची.

आता जुन्नरच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायची नोकरी निघाली होती. सोमवारी अकराला मुलाखत. "लेकरू घेऊन येऊ नका," असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. लेकरू ठेवायचं कुणाकडे? थेट विचारायला जीभ रेटेना, म्हणून हा विरजणाचा खटाटोप.

"तुमच्यासारखं घट्ट दही अख्ख्या आळीत कुणाचं लागत नाय," असं ती प्रयागबाईंना म्हणाली. कुशाबाईंनाही म्हणाली. लंकाबाईंनाही म्हणाली. तिघी फुलल्या. शेवटी रविवारी धीर करून तिने तिघींनाही विचारलं, "उद्या हर्षालीजवळ बसाल का? नोकरीचं काम हाय."

तिघींनीही एकच उत्तर दिलं, "बघते." म्हणजे येणार नाहीत, हे मोहिनीने ओळखलं.

सोमवारी दहाला तिघी एकदम दारात उभ्या!

"तू कशाला आलीस गं?" प्रयागबाईंनी कुशाबाईंना विचारलं.

"मलाच बोलीवलंय. माझंच विरजण लागतं हिला."

"तुजं? माज्यासारखं दही आळीत न्हाई, आसं म्हणली व्हती ही!"

"मला बी तसंच म्हणली," लंकाबाई थंडपणे म्हणाल्या. "दाव बरं मोहिने, कुणाचं कुठं लावलंस?"

मोहिनीने गाडगं पुढे सरकवलं. घरात दूध अर्धा लिटर यायचं आणि गाडगंही एकच होतं. तिन्ही विरजणं तिने त्यातच ढवळली होती. तिघींनी दही चाखलं. ते फारच झकास लागलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. हा गुण कुणाच्या विरजणाचा, यावर तिघींची अशी जुंपली की विचारू नका.

साडेदहाची जीप गाठायची होती. "मी निघू का?" असं मोहिनीने तीनदा विचारलं, पण ऐकतंय कोण! हर्षाली मात्र प्रयागबाईंच्या मांडीवर बसून बोटावरचं दही चाटत होती, आणि प्रयागबाई भांडता भांडता पदराने तिचं तोंड पुसत होत्या. ते पाहून मोहिनीने चप्पल पायात सरकवली.

नोकरी मिळाली. पण परतीच्या जीपमध्ये तिला आनंदाऐवजी रडूच यायला लागलं. एका दिवसाचं निभावलं, उद्यापासून रोज कुणाला मस्का लावायचा? आणि आजच्या भांडणानंतर कोण दारात उभं करणार?

घरी पोचली, तर आतून तिघींचा कलकलाट अजून ऐकू येत होता. उंबऱ्यावर एक अनोळखी म्हातारी बसली होती आणि हर्षाली तिच्या मांडीवर झोपली होती. ही प्रयागबाईंची आई, साळुबाई. दुपारीच पारगावहून लेकीकडे आलेली.

"हळू, पावणं, पोर आत्ताच निजलीय," साळुबाई कुजबुजल्या. "तुमी कुणीकडच्या?"

"मी... इथलीच."

"मग बसा की. हिच्या आईला नोकरी लागतीय म्हणं. लई माणसं हायेत बाई तिला! आता आत भांडत्यात, ते पोरीला सांभाळायला कुणी कोंचा वार घ्यायचा म्हणून. मी बी बेस्तरवार घेतला. शनवार तेवढा ऱ्हायलाय."

मोहिनी तशीच उंबऱ्यावर टेकली.

साळुबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेने विचारलं, "तुमी रिकाम्याच दिसताय. पोर सांभाळता येती का?"